आमच्या बाजारपेठांत नवें कां निपजत नाहीं?

पिंपळगांव राजा, खामगांव, नांदुरा, मलकापूर या घाटाखालच्या पेठांत बुद्धीचा तोटा आहे, असें कोणी म्हणत नाहीं. ज्या मुलानें येथील शाळेंत पाढे पाठ केले, तोच पुण्यास जाऊन यंत्रांचे आराखडे काढतो, संगणकाच्या आज्ञावली लिहितो, आणि दिवाळीस घरीं आला म्हणजे आपण सर्वजण त्याचें कौतुक करितों. कौतुक ठीकच आहे; पण तीच बुद्धि येथें असतांना निजून कां राहिली होती, हें कोणी विचारीत नाहीं. विचारलेंच तर ठरीव उत्तर मिळतें, कीं मोठ्या शहरांत सोयी असतात, आपल्यापाशीं काय आहे? वीज, रस्ता व भांडवल यांचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. परंतु केवळ सोयींनीं कल्पकता उपजती, तर वऱ्हाड प्रांत एव्हांना शोधकांचें आगर होऊन बसला असता.

अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस अडला, आणि इंग्लंडांतील गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० सालीं जलंबहून खामगांवपर्यंत सुमारें आठ मैलांचा लोहमार्ग झाला तो या कापसासाठींच. जिन आले, प्रेस आले, पैसाही आला. पण कापूस गांठींत बांधून बाहेर गेला आणि यंत्रें बाहेरून येत राहिलीं. आमच्या मतें याचें एक कारण बैठकीच्या रिवाजांत आहे. यंत्र कोठें अडतें हें ज्या मिस्त्र्यास कळे, त्याच्यापाशीं पैसा नव्हता. ज्या मालकापाशीं पैसा होता, त्यास तेलानें हात काळे करणें कमीपणाचें वाटे. आणि एका सतरंजीवर बसून दोघांनीं विचार करावा, असा आपल्यांत प्रघातच नव्हता.

मुंबईकडे पाहा. तेथें गणपत कृष्णाजी नांवाचा भंडारी जातीचा गृहस्थ अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम करीत असतां मुद्रणकला शिकला, आणि त्यानें स्वतःचा शिळाछापखाना उभारून १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें. येथवर यंत्राची गोष्ट झाली. खरी अडचण पुढेंच होती. छापण्याच्या शाईंत जनावराची चरबी असते, सबब छापील धर्मग्रंथास शिवणें हा विटाळ, असें त्या काळच्या सोंवळ्या मंडळींचें म्हणणें. गणपत कृष्णाजींनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं तुपाची शाई केली! या गोष्टीस आपण आज हंसतों. पण नव्या कर्त्या मनुष्याची अर्धी अक्कल समाजाची समजूत घालण्यांतच खर्ची पडते, हें मात्र तींत स्पष्ट दिसतें. याच मिशनच्या छापखान्यांत पुढें जावजी दादाजी नांवाचा गरीब घरचा मुलगा कामास लागला. त्यानें आधीं टाईप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. दोघांसही कोणी त्यांच्या बापजाद्यांचा धंदा विचारून दारांतून परत लाविलें नाहीं, एवढी एक सवलत त्या छापखान्यानें त्यांस दिली होती.

मुंबई परकीयांनीं वाढविलेलें शहर, तिची गोष्ट निराळी, असा आक्षेप येईल. तर मग कोल्हापूर घ्या. तेथें शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढविलीं, व १९०२ सालीं नोकऱ्यांत शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. एवढ्यावरून तेथें चित्रपट निघाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, आणि आम्ही तसें म्हणत नाहीं. पण ज्या गांवांत दरबार गवयास, मल्लास, चित्रकारास, शाळकरी पोरास सारखेंच जवळ बोलावीत होता, त्याच गांवांत मिस्त्री घराण्यांतले बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां विलायती कॅमेरा कसा चालतो याचा छडा लावीत बसले, आणि १९१८ च्या सुमारास त्यांनीं स्वतःच्या हातांनीं कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीस भांडवल दिलें तें तानीबाई कागलकर या गायिकेनें. १९२० सालच्या त्यांच्या ‘सैरंध्री’ चित्रपटांत स्त्रियांनीं स्त्रियांच्या भूमिका केल्या. सात वर्षांपूर्वीं दादासाहेब फाळके यांस ‘राजा हरिश्चंद्र’साठीं एक स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणास तारामती करावें लागलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें मोल कळतें.

त्याच कंपनींत शिकून बाहेर पडलेल्या मंडळींनीं १९२९ सालीं प्रभात कंपनी काढली. तिच्या भागीदारांत दामले होते, शेख फत्तेलाल होते, शांताराम व धायबर होते, आणि पैशाची बाजू सांभाळणारे सीताराम कुलकर्णी होते. १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ दामले व फत्तेलाल या जोडीनें दिग्दर्शित केला, व पुढच्याच वर्षीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. देहूच्या वाण्याचें चरित्र एका हिंदूनें व एका मुसलमानानें मिळून पडद्यावर आणावें, यांत त्या मंडळींस नवल वाटलें नसावें. कारखान्यांत रोजच जोडीनें काम चाले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंत शिक्षक होते. त्यांस डावलून बढती एका अँग्लो-इंडियनास मिळाली, तेव्हां ते नोकरी सोडून बेळगांवीं सायकलींच्या दुकानांत आले. तेथें त्यांनीं लोखंडी नांगर केला, तर लोखंडानें जमिनीस विष चढतें म्हणून कुणबी तो घेईनात. पुढें कारखान्याची जागाही हलवावी लागली, आणि अखेर १९१० सालीं औंधच्या राजेसाहेबांनीं माळरान दिलें म्हणून किर्लोस्करवाडी झाली. बेळगांवची पेठ एका कारखान्यास मुकली.

आपल्याच विदर्भांत चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड खेड्याच्या दादाजी खोब्रागडे या दलित शेतकऱ्यानें जेमतेम दीड एकरांत निरखून निरखून ‘एचएमटी’ भाताचें वाण निवडलें. तो तांदूळ लाखो ताटांत गेला. त्यांस २००५ सालीं राष्ट्रीय पातळीवर सन्मानही लाभला. पण वाणाचा पैसा त्यांच्या घरीं आला नाहीं, आणि २०१८ सालीं ते गेले ते गरिबींतच. शोध लागला तो शेताच्या बांधावर. त्याची नांवनिशी ठेवणारी, हक्क राखणारी, वाजवी दाम वसूल करून देणारी पेठ त्यांच्या पाठीशीं नव्हती. हिशेब ठेवणें हें तर आपल्या व्यापारी वर्गाचें वंशपरंपरेचें कसब!

म्हणून पिंपळगांव राजा येथील व्यापारी बंधूंस आमचें मागणें मोठें नाहीं. जेन जेकब्स या लेखिकेनें १९६१ सालींच दाखवून दिलें आहे कीं नवे उद्योग नव्या टोलेजंग इमारतींत जन्मत नाहींत. त्यांस जुनी, स्वस्त, थोडी पडकी जागा लागते. अशी एखादी वखार गांवांत सांपडणार नाहीं काय? तींत एक लेथ, एक वेल्डिंगचें यंत्र, दोन संगणक ठेवावे. लोहाराचा, शिंप्याचा, बौद्धवाड्यांतला, मोमिनपुऱ्यांतला व मारवाड्याचा मुलगा तेथें एकाच टेबलाशीं बसावा. आणि शिकविणारा मिस्त्री कोणत्या आळींतला हें विचारलें जाऊं नये. मुलींस सायंकाळीं येतां यावें अशी वेळ ठेवावी. ती न ठेवली तर गांवच्या निम्म्या बुद्धीस दार लाविलें असें होईल. एखाद्याचें काम फसलें तर ‘दिवाळें काढलें’ अशी हाकाटी पारावर होऊं नये.

शिकून तो मुलगा पुण्यास निघून जाईल, ही शंका रास्त आहे. कांहीं जातील. जावजी दादाजींनींही मिशनचा छापखाना सोडलाच. राहतील त्यांच्यासाठीं मात्र पहिल्या दोन वर्षांचें भाडें कोणीं सोसावें, बिघडलेल्या मालाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडावा, आणि किल्ली एकाच घराण्याकडे न राहतां पाळीनें कशी फिरावी, हें मंडळींनीं एकत्र बसून ठरवावें. कापसाचा हंगाम उलटला म्हणजे वखारी रिकाम्या पडतातच.