सही कुठून आली?



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशीची गोष्ट. आमची शाळा जळगाव-धुळे रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे फाटा आहे ना, तिथून आत. हजेरी झाली आणि पाचवीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिनं दप्तरातून वही काढली, वहीतून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून रुमाल आणि रुमालातून एक कार्ड. पत्त्याच्या पानाएवढं. त्यावर आता निवृत्त झालेल्या एका मोठ्या फलंदाजाचा फोटो होता आणि खाली निळ्या रंगात त्याची सही.

"मॅडम, खरी सही आहे. दीडशे रुपयांना घेतली."

दोन सख्खे आणि तीन चुलत भाऊ, त्यांनी भाऊबीजेला घातलेली ती ओवाळणी. यात्रेतल्या एका पालावर तिनं ती एका दमात खर्च केली होती.

मी विज्ञानाच्या पेटीतलं भिंग आणलं आणि इथंच माझी चूक झाली. आधी एकटीनं पाहायला हवं होतं. मी सगळ्या वर्गाला भोवती गोळा केलं. भिंगाखाली सहीची रेघ रेघ राहिलीच नाही, तिचे बारीक बारीक निळे-गुलाबी ठिपके झाले. फोटोतल्या टोपीचे होते तसेच. म्हणजे सही पेनानं केलेली नव्हती, फोटोबरोबरच छापलेली होती. पेनाची रेघ सलग असते. पेन जिथं थांबतं तिथं शाई दाटते, आणि बॉलपेन असेल तर कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला उठाव लागतो. यातलं काहीच नव्हतं. मुलं हसली. ती काही बोलली नाही. कार्ड रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी वहीत.

मधल्या सुट्टीत मात्र ती म्हणाली, "आजीनं कालच विचारलं होतं."

काय विचारलं होतं? आजीला वाचता येत नाही. तिनं कार्ड उलटसुलट केलं आणि अहिराणीत एवढंच म्हणाली, "हाऊ कागद तुले कोनी दिधा?" हा कागद तुला कोणी दिला? नातीनं सांगितलं, पालवाल्यानं. आजी म्हणाली, "आन् त्याले कोनी दिधा?" नातीकडे याचं उत्तर नव्हतं.

सांगू का, सह्या गोळा करणाऱ्या जगातल्या मोठमोठ्या संग्राहकांचा पहिला प्रश्न हाच असतो. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात तुम्ही गेला असाल. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुने कागद जमवले. असे कागद अभ्यासणारेसुद्धा आधी विचारतात, हा कोणाच्या घरातून आला? आमच्या आजीबाई त्यांच्याच पंगतीतल्या म्हणायच्या.

भिंगाचं एक लक्षात ठेवा हं. ठिपके दिसले तर सही छापील, हे नक्की. पण ठिपके दिसले नाहीत म्हणून ती त्याच खेळाडूची, असं नाही. पेन काय, कुणीही उचलू शकतं! अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाडूंच्या सह्यांचा फार मोठा बाजार आहे. १९९० च्या दशकात तिथल्या एफबीआय या तपास संस्थेनं खोट्या सह्या करणाऱ्यांच्या टोळ्यांवर मोहीम काढली. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन बुलपेन'. त्यात काय सापडावं? बेसबॉलचे चेंडू, आणि त्यांवर मदर तेरेसांची सही! सह्या करणाऱ्याचा हात इतका चालला होता, की मदर तेरेसा चेंडूवर सही कशाला करतील, एवढंही त्याला सुचलं नाही.

तिथं आणखी एक तऱ्हा आहे. नुसती सही पुरेशी वाटेना, म्हणून कार्ड काढणाऱ्या कंपन्यांनी १९९७ च्या सुमाराला खेळाडूनं सामन्यात घातलेल्या शर्टाचा छोटा तुकडा कार्डात बसवायला सुरुवात केली. कार्डाला खिडकी, आणि खिडकीत बोटाच्या पेराएवढं कापड. बेब रूथ हा त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळाडू, १९४८ साली वारला. त्याचा एक जुना शर्ट एका कंपनीनं अडीच लाख डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतला आणि २००३ साली तो कापून त्याचे दोन हजारांवर तुकडे केले. प्रत्येक तुकडा एका कार्डात. अनेक जण फार चिडले. कंपनीचं म्हणणं असं, की एका श्रीमंताच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा दोन हजार लोकांना थोडा थोडा मिळाला, तर काय बिघडलं?

हा प्रश्न मी वर्गात विचारला. वर्ग निम्मा-निम्मा फुटला. एक मुलगा म्हणाला, "प्रसादासारखं वाटलं ना, मॅडम!" लगेच दुसरा म्हणाला, "प्रसाद परत करता येतो, शर्ट येतो का?"

माझं मत विचाराल, तर मी दुसऱ्याच्या बाजूची. का, ते एका वहीवरून सांगते. जळगावला जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, पाहिलं नसेल तर जरूर पाहा. गांधीजी सहीचे पैसे घेत, माहीत आहे? पाच रुपये, हरिजन फंडासाठी. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची बहीण लक्ष्मी आपली सह्यांची वही घेऊन त्यांच्याकडे गेली. गांधीजी पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. १९३३-३४ साली डग्लस जार्डिनचा एमसीसीचा संघ इंग्लंडहून भारतात आला होता. भारतातला पहिला कसोटी सामना मुंबईत झाला तो याच दौऱ्यात, आणि लाला अमरनाथनी शतक ठोकलं तेही त्यातच. त्या संघातल्या सोळा जणांच्या सह्या त्या पानावर होत्या. गांधीजींनी त्यांच्याखालीच सतरावी सही केली. इंग्रजांशी लढणारा माणूस इंग्रजांच्या संघातला सतरावा खेळाडू!

आता त्या पानाचे कात्रीनं सतरा तुकडे केले, तर सह्या सतराच्या सतरा शिल्लक राहतील. पण गंमत कुठे राहील?

पुण्यात सहकारनगरमध्ये रोहन पाटे यांचं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचं संग्रहालय आहे. २०१२ साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते ते उघडलं. खेळाडूंनी सामन्यात वापरलेल्या बॅटी आणि त्यांचे शर्ट तिथं आख्खे पाहायला मिळतात. पुण्याला कोणी नातेवाईक असेल, तर सुट्टीत हट्ट धरा.

पण आपल्याकडे ना डॉलर, ना दुसरी ओवाळणी. मग काय करायचं? मी तिला म्हटलं, पत्र लिही.

गाजलेल्या खेळाडूंना हजारो पत्रं येतात. पण रणजी खेळून निवृत्त झालेल्या आजोबांना कोण लिहितं? भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम ४५२ चा. आणखी दहा धावा केल्या की तो मोडणार! पण काठियावाडचा संघ पुढे खेळायलाच उतरला नाही, सामना सोडून गेला. निंबाळकरांना कसोटी सामना एकही मिळाला नाही. ते कोल्हापूरला राहायचे. २०१२ साली गेले. आता त्यांना कोणी पत्र लिहू शकत नाही.

तर माझ्या ओळखीच्या एका पंचांकडून महाराष्ट्राकडून खेळलेल्या एका आजोबांचा पुण्याचा पत्ता मिळाला. तिनं पहिल्या पत्रात लिहिलं, 'मी तुमची फार मोठी चाहती आहे.' मी म्हटलं, "खरंच? त्यांचा एक तरी चेंडू पाहिलास का?" ती लाजली. ते वाक्य खोडलं. मग तिनं खरंच माहीत करून घ्यायचं होतं ते विचारलं: 'तुम्ही बॅटला तेल कोणतं लावत होता?' खाली सहीची विनंती. सोबत कोरं कार्ड, आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट. कोणी म्हाताऱ्या माणसाला लिहिणार असाल, तर हे पाकीट विसरायचं नाही. त्यांना पोस्टात चक्कर घालायला लावायची का?

दोन महिने काही नाही. रोज ती विचारायची, रोज मी मान हलवायची. मग एका शनिवारी पाकीट आलं. कार्डावर थरथरत्या हाताची सही, आणि सहीच्या वर दोन ओळी: 'जवसाचं तेल. घरभर वास येतो म्हणून आई ओरडायची.'

(सही मिळाली की आईबाबा कौतुकानं लॅमिनेशन करायला धावतात. कृपा करून करू नका! गरम प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, पुन्हा सुटत नाही. भिंतीवर उन्हात टांगूही नका. आपल्या जळगावच्या उन्हापुढे शाई कितीशी टिकणार? वहीत ठेवा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख, गाव आणि कशी मिळाली ते लिहा. पाकीट फेकू नका.)

तिच्या वहीत आता समोरासमोर दोन पानं आहेत. डावीकडे यात्रेतलं कार्ड, त्याखाली पेन्सिलीनं 'छापील. यात्रेत घेतली. १५० रुपये.' मी म्हटलं होतं, काढून टाक. ती नाही म्हणाली. उजवीकडे आजोबांचं कार्ड.

ते तिनं घरी दाखवलं, तेव्हा आजीनं नेहमीचाच प्रश्न केला, "हाऊ कोनी दिधा?"

"पोस्टमन काकांनी."

"आन् त्याले?"

नातीनं पाकीट पुढे केलं आणि तिकिटावरच्या काळ्या शिक्क्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं, "पुणे."