पत्नीसाठी रायफल : रंगाच्या आधीचे प्रश्न

अमेरिकेतील बंदुकांच्या दुकानात आज गुलाबी, जांभळी, फिरोजी किंवा मोतिया रंगाची अर्धस्वयंचलित रायफल सहज मिळते. धातूवर सिरॅमिकचा पातळ थर चढवून हवी ती रंगछटा देणारे कारागीरही गावोगावी आहेत. वाढदिवस, नाताळ, लग्नाचा वाढदिवस अशा निमित्तांनी पत्नीसाठी 'देखणी' रायफल शोधणारा नवरा हे या दुकानांतले ओळखीचे गिऱ्हाईक झाले आहे. टेक्ससमध्ये किंवा जॉर्जियात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या गप्पांतही हा विषय आता अगदी अपरिचित राहिलेला नाही. पैठणीचा रंग पसंत पडला नाही, तर ती बदलून आणता येते. रायफलीच्या बाबतीत चूक रंगाची नसतेच बहुधा. ती देणाऱ्याच्या आणि घेणारीच्या कायदेशीर दर्जाची असते, आणि ती सहजी दुरुस्त होत नाही.

बाजार या गिऱ्हाइकाकडे का वळला, हे समजणे अवघड नाही. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लाख अमेरिकी प्रौढांनी आयुष्यातील पहिली बंदूक घेतली आणि त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, असा अंदाज हार्वर्ड व नॉर्थईस्टर्न विद्यापीठांतील संशोधकांनी मांडला. प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ४० टक्के पुरुषांनी आणि २५ टक्के स्त्रियांनी स्वतःची बंदूक असल्याचे सांगितले. बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांना स्वसंरक्षण हे प्रमुख कारण वाटते. साथीच्या काळातील भय आणि एकटेपणा यांचा त्यात वाटा होता, हे उघड आहे. या मागणीतला काही हिस्सा एआर-१५ घाटाच्या रायफलींकडे गेला. 'एआर' ही अक्षरे १९५०च्या दशकात हा घाट विकसित करणाऱ्या आर्मालाइट कंपनीच्या नावातली आहेत. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पुढचे काडतूस मात्र आपोआप नळीत येऊन बसते. 'अर्धस्वयंचलित' याचा अर्थ एवढाच. अशा दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक रायफली देशात असाव्यात, असे उद्योगाच्या संघटनेनेच २०२२ मध्ये सांगितले.

आता मुख्य मुद्दा. 'पत्नीला भेट' हे शब्द स्थलांतरिताच्या घरात नागरिकाच्या घरातल्यासारखे साधे राहत नाहीत. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर अमेरिकेत आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा संघीय कायद्याने गुन्हा आहे. काही अपवाद आहेत. त्यांतला सामान्य माणसाच्या उपयोगाचा एक म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. त्यामुळे जन्मात कधी शिकारीला न गेलेले आणि घरी शाकाहार पाळणारे संगणक अभियंतेही शिकारीचे प्रशिक्षण घेऊन परवाना काढतात. हा विनोद कायद्यानेच घडवला आहे. ग्रीन कार्डधारकाला मात्र संघीय कायदा नागरिकाप्रमाणेच खरेदीची मुभा देतो.

अडचण येते ती नवरा-बायकोचा दर्जा वेगळा असला की. ग्रीन कार्ड मिळालेल्या माणसाने नंतर लग्न केले आणि पत्नी स्वतःच्या एच-१बी वा एफ-१ व्हिसावर आहे, अशी घरे मराठी मंडळींत थोडीथोडकी नाहीत. अशा पत्नीच्या हाती रायफल देणे हा देणाऱ्याचाही गुन्हा ठरतो. कायदा तिथे विक्री आणि भेट यांत फरक करत नाही. घेणाऱ्या व्यक्तीला मनाई आहे हे देणाऱ्याला ठाऊक होते काय, किंवा ठाऊक असायला सबळ कारण होते काय, एवढेच विचारतो. पत्नीचा व्हिसा कोणता हे आपल्याला माहीत नव्हते, असे सांगणाऱ्या नवऱ्यावर कोण विश्वास ठेवील? २०२२ च्या कायद्याने या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षांवर नेली.

'ताबा' हा शब्दही वाटतो त्यापेक्षा रुंद आहे. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूक हासुद्धा ताबाच. शनिवारी मित्रांसोबत हौसेने नेमबाजी करून आलेल्या आणि त्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या व्हिसाधारकांना याची कल्पना नसते. रायफल नवऱ्याच्या नावावर असली, पण ती ज्या तिजोरीत आहे तिचे आकडे पत्नीलाही ठाऊक असले, तर तिचाही ताबा होता असा युक्तिवाद सरकारी वकील करू शकतो. शिवाय परकीय नागरिकाच्या बाबतीत गोष्ट तुरुंगाच्या शिक्षेपाशी थांबत नाही. बंदुकीच्या बेकायदा खरेदी-विक्रीबद्दल किंवा ताब्याबद्दल दोषी ठरणे हे स्थलांतर कायद्यात देशाबाहेर पाठवण्याचे स्वतंत्र कारण आहे, आणि त्यातून ग्रीन कार्डधारकही सुटत नाही. पंधरा वर्षे रांगेत उभे राहून मिळवलेले कार्ड एका हौशी भेटीपायी पणाला लागते.

दोघेही पात्र असले तरी खरेदीचा अर्ज जपून भरावा लागतो. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या संघीय अर्जावर 'खरा खरेदीदार तुम्हीच आहात काय' असा प्रश्न असतो. स्वतःच्या पैशाने, मनापासून भेट देण्यासाठी घेणाऱ्याला 'होय' म्हणता येते. मात्र पैसे दुसऱ्याने दिले आणि वस्तू त्याच्यासाठीच घेतली, तर तेच उत्तर खोटे ठरते. २०१४ च्या अब्राम्स्की खटल्याने ही रेघ ठळक केली. व्हर्जिनियातील एका माजी पोलिसाने नातलगाकडून आधी धनादेश घेऊन त्याच्यासाठी पिस्तूल विकत घेतले. पोलिसांना मिळणारी सवलत आपल्या नावावर मिळेल, एवढाच हेतू. तो नातलगही बंदूक बाळगण्यास पूर्ण पात्र होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम केली. तात्पर्य हे की पत्नीने स्वतःच्या कमाईतून रायफल घ्यायचे ठरवले असेल, तर दुकानात जाऊन अर्ज तिनेच भरला पाहिजे. नवऱ्याने 'मी घेऊन येतो' म्हणू नये. ही सक्ती एका अर्थी इष्टच आहे, कारण रायफल खांद्याला लावून पाहायची ती तिनेच.

देखणेपणाचा प्रश्न तिथे वेगळे रूप घेतो. सर्वसाधारण एआर-१५ तीन किलोंच्या आसपास भरते. धक्का फार नसतो. पण दस्ता लांब असला तर लहान चणीच्या व्यक्तीचा खांदा मागे जातो, हात ताणले जातात आणि नेम ढळतो. म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारा दस्ता हीच तिच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची सोय. गंमत अशी की कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांच्या कायद्यांनी नेमक्या याच सोयीला संशयित ठरवले आहे. सरकता दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, नळीच्या टोकावरील ज्वालारोधक यांसारख्या वैशिष्ट्यांवरून तिथे रायफल 'असॉल्ट वेपन' ठरते. १९९४ ते २००४ या दशकातील संघीय बंदीही याच पद्धतीची होती. म्हणजे गुलाबी रंगाला कायद्याची हरकत नाही, बांध्याला आहे. रूपावरून शस्त्राचे वर्गीकरण करणारी ही पद्धत तर्काला फारशी पटणारी नाही, पण नोकरी बदलून डॅलसहून एडिसनला जाणाऱ्या कुटुंबाला तर्क उपयोगी पडत नाही. टेक्ससमध्ये सर्वस्वी वैध असलेली रायफल न्यू जर्सीच्या हद्दीत शिरताच गंभीर गुन्ह्याचा पुरावा होऊ शकते. न्यू जर्सीत बंदूक घेण्यासाठी स्वतःच्या नावाचे खरेदी-ओळखपत्रही हवे. इलिनॉयमध्येही तशीच पद्धत आहे. नवऱ्याचे कार्ड पत्नीला चालत नाही.

या बंदींचे भवितव्य न्यायालयांत अधांतरी आहे. २००८ च्या हेलर निकालाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. २०२२ च्या ब्रुएन निकालाने निर्बंधांना ऐतिहासिक परंपरेची कसोटी लावली. मेरीलँडच्या बंदीला आव्हान देणारे प्रकरण ऐकण्यास सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये नकार दिला. मात्र हा प्रश्न न्यायालयाने लवकरच हाती घ्यायला हवा, असे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी त्याच वेळी नोंदवले. तोवर प्रत्येक राज्याचा नकाशा निराळा.

कायद्याच्या पलीकडे घर उरते. बंद खोलीत या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि कानाला कायमची इजा व्हायला १४० पुरेसे असतात. अमेरिकी घरांच्या जिप्समच्या भिंती गोळी अडवत नाहीत. पलीकडे मुलांची खोली असते. शिकण्यासाठी .२२ काडतुसाची रायफल अधिक बरी, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात, ते उगाच नव्हे. खुनांच्या आकडेवारीत रायफलींचा वाटा अगदी लहान आहे, हेही नोंदवले पाहिजे. बळी बहुतेक पिस्तुलांनी जातात. पण घरात कोणते शस्त्र आहे याइतकाच ते कोणाच्या भीतीने आणले हा प्रश्न महत्त्वाचा. कॅलिफोर्नियातील १ कोटी ७६ लाख प्रौढांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२२ च्या अभ्यासात, कायदेशीर पिस्तूल असलेल्या व्यक्तीसोबत राहणाऱ्यांचा जोडीदाराच्या गोळीने घरात मृत्यू होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे सातपट आढळले, आणि त्या बळींत ८४ टक्के स्त्रिया होत्या. ज्या घरात पत्नीचा व्हिसा, बँक खाते आणि गाडी नवऱ्याच्या हाती आहेत, तिथे 'तुझ्या रक्षणासाठी' आणलेली रायफल कोणाच्या हाती राहते, हे विचारायला हवे. कौटुंबिक हिंसेच्या संरक्षण-आदेशाखाली असलेल्या, धोकादायक ठरलेल्या व्यक्तीकडून बंदूक काढून घेता येते, हे रहीमी खटल्यात जून २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी स्पष्ट झाले. पण तो आदेश मिळवण्यासाठी पत्नीला आधी न्यायालयाचे दार गाठावे लागते.

दसऱ्याला शस्त्रपूजा करणाऱ्या समाजाला शस्त्राचे वावडे नाही. फरक एवढाच की पाटावर मांडलेली आजोबांची तलवार भरलेली नसते. मुलांच्या हाती शस्त्र लागल्याची जबाबदारी आता पालकांवर टाकली जाते. मिशिगनमधील एका शाळेतील हत्याकांडानंतर मुलासाठी पिस्तूल घेणारे आईवडील २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले. प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. म्हणून खरेदीच्या अंदाजपत्रकात तिजोरीची किंमत रंगकामाच्या आधी लिहावी लागते.

आणखी एक बाब भारताच्या वारीची. रायफल अमेरिकेत राहते, पण रेंजवर नेलेली पिशवी पुढच्या सुट्टीत मुंबईला जाते. खणात विसरलेले एक जिवंत काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसले, की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता, या कारणावरून भारतातील उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत. पण त्याआधी सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाच्या कचेरीत जाते. पत्नीची पर्स रेंजवर नेली असेल, तर प्रवासापूर्वी तिचे सगळे कप्पे उलटे करून पाहणे बरे.