चौथ्या झाडाखालची मूर्च्छा

रक्तात लोह आहे, पृथ्वी हा मोठा लोहचुंबक आहे. सबब उत्तरेला डोकं करून झोपलं की रक्त मेंदूकडे ओढलं जातं, झोप बिघडते, माणूस चिडचिडा होतो. एका विद्वानांचं हे ताजं व्याख्यान. तोडगा म्हणून मनगटावर चुंबकाचा पट्टा. काहींनी घरी जाऊन पलंगही फिरवले असतील.

रक्ताचं आधी उरकून टाकू. हिमोग्लोबिनमधलं लोह म्हणजे खिळे नव्हेत. एमआरआयच्या 1.5 टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीसेक हजार पट क्षेत्रात, लोक पडून राहतात आणि चालत घरी जातात.

‘पण लोकांना अनुभव येतो ना!’ हा विद्वानांचा हुकमाचा एक्का. तर अनुभवाचं ऐका. 1784 साली पॅरिसजवळ पासी इथे, बेंजामिन फ्रँकलिनच्या बागेत, चुंबकी शक्तीने रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची परीक्षा झाली. मेस्मरच्या शिष्याने त्या शक्तीने एक झाड भारलं. डोळे बांधलेल्या मुलाला एकेका झाडाला मिठी मारायला लावली. पहिल्या झाडाशी घाम, खोकला, पुढे चक्कर, चौथ्याशी तो मूर्च्छित पडला. भारलेलं झाड मात्र लांबच राहिलं होतं! पुढे कॅनडात मायकल पर्सिंजर यांनी मायक्रोटेस्लाच्या पातळीचं क्षेत्र शिरस्त्राणातून डोक्याला दिलं. अनेकांना अदृश्य कुणाची तरी चाहूल लागली. उप्सालाच्या संशोधकांनी, क्षेत्र चालू की बंद हे कुणालाच कळू न देता, तोच प्रयोग करून 2005 मध्ये निष्कर्ष छापला: चाहूल लागते, पण ती क्षेत्रावर नव्हे, माणसाच्या सूचनावशतेवर अवलंबून असते. प्रयोगच चुकला, असं पर्सिंजर म्हणाले. म्हणणारच.

आणि एवढ्याशा क्षेत्राने माणूस खरंच बदलत असता तर? 1859 च्या सौरवादळात कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं क्षेत्र सुमारे 1.6 मायक्रोटेस्लाने घसरलं. मुंबई त्या दिवशी हळवी झाल्याची नोंद वेधशाळेने ठेवलेली नाही.

दुर्बळ क्षेत्राचा काहीच परिणाम नाही, असं माझं म्हणणं नाही. पृथ्वीइतकंच क्षेत्र फिरवल्यावर काहींच्या मेंदूतल्या अल्फा लहरी क्षीण झाल्याचं कॅल्टेकच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं. त्या माणसांना मात्र काहीच जाणवलं नव्हतं. असं संशोधन जरूर व्हावं, पण डोळे बांधून. निम्मे पट्टे खरे, निम्मे खोटे. देणाऱ्यालाही ठाऊक नको. महिनाभर झोपेची वही. श्रोते आहेतच, विद्वानांनी पट्टे तेवढे आणावेत.