उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे

'सचिन' म्हटलं की कॉलेजात सगळ्यांना क्रिकेटच आठवतं. पण सुरतजवळ सचिन नावाचं गावही आहे. एकेकाळी ते सिद्दी नवाबांचं संस्थान होतं, आज तिथे जीआयडीसी आहे. मी तिथली. उधना, लिंबायत, पांडेसरा ते सचिन या पट्ट्यात खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. भुसावळ-सुरत लाइनने यायचं आणि लूमवर लागायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. अहिराणी तिथे रस्त्यात सहज कानावर पडते.

या वस्त्यांत चाळिशीतली माणसं कठडा धरून जिना उतरताना दिसतात. त्यांना 'थोडा व्यायाम करा' म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "बारा तास उभा असतो, अजून काय व्यायाम करू?" आपल्यालाही ते पटतं. पण माझ्या मते हा समज चुकीचा आहे, आणि महागात पडणारा आहे.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला रक्तवाहिन्या नसतात. त्याचं पोषण होतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. भार पडला की कूर्चा स्पंजसारखी दाबली जाते, भार सुटला की द्रव पुन्हा शोषून घेते. म्हणजे दाब आणि सैल, दोन्ही आलटून पालटून हवं. हिऱ्याच्या घंटीवर वाकून बसलेला कारागीर, लूमपाशी उभा कामगार आणि फोन घेऊन लोळणारे आपण, तिघांचं दुखणं वेगळं दिसलं तरी मूळ एकच: तासन्‌तास तीच ती स्थिती.

दुसरी गोष्ट, गुडघ्याला आधार देतात ते मांडीचे स्नायू. ते नुसतं उभं राहून बळकट होत नाहीत. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, बसल्या बसल्या पाय सरळ करून काही सेकंद धरणं, एखादी पायरी सावकाश चढणं-उतरणं, एवढ्यानेही फरक पडतो. मात्र ते रोज हवं आणि बेताने वाढवायला हवं. रविवारी एकदम पाच किलोमीटर धावून सोमवारी लंगडण्यात अर्थ नाही. सांधा सुजलेला किंवा गरम लागत असेल तर आधी डॉक्टर.

आमच्या रविवारच्या मिस्सात तासाभरात माणूस उभा राहतो, बसतो, गुडघे टेकतो, पुन्हा उठतो. नमाजात तेच, सूर्यनमस्कारात तर सगळं अंगच हलतं. देवसुद्धा माणसाला एका जागी खिळवून ठेवत नाही, मग कारखान्याने का ठेवावं?

कायद्याला हे कधीच कळलंय. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 44व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सांगितली होती. सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची सुट्टीही होती. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क दिला. गुजरातमध्ये मात्र 2025 साली विधानसभेने कारखान्यांत दिवसाला 12 तासांपर्यंत काम घेण्याची वाट मोकळी केली. आठवड्याची मर्यादा 48 तासांचीच आहे, कामगाराची लेखी संमतीही लागते, हे मान्य. पण गरजू माणसाच्या संमतीला किती अर्थ असतो?

कोणी म्हणेल, स्टूल ठेवलं तरी कामगार बसत नाही. खरंय. मजुरी मीटरवर मिळत असेल, तर बसलं की पैसे बुडतात. म्हणूनच 'चाला, योगा करा' हा उपदेश एकट्या कामगाराला करून भागणार नाही. तासातून दोन-तीन मिनिटं लूम सांभाळायला बदली माणूस हवा, आणि त्या मिनिटांची मजुरी कापली जाऊ नये. गुडघा हे कामगाराचं भांडवल आहे. ते झिजलं तर कोणी भरून देत नाही.

आपण साहित्य मंडळवाले यात काय करणार? भाषा तर आपल्या हातात आहे ना! या चार हालचाली अहिराणीत, सोप्या मराठीत आणि हिंदीत एका पानावर लिहू, चित्रं काढू, आणि लूमच्या दारापर्यंत पोचवू. आणि हो, हे वाचून झालं असेल तर खुर्चीतून उठा. हात न टेकता!