चार पटींचा नाद

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नाहीतर शाहूपुरीतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात 43 इंची टीव्ही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "भावा, आता फुल एचडी कोण घेतंय? फोर-के घ्या, चार पट क्लिअर!" 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि या वाक्याला आणखी धार चढली. तीच सवलत शेजारच्या 43 इंची फुल एचडीलाही मिळाली आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. माझं म्हणणं उलट आहे. केबल किंवा डिश पाहणाऱ्या घराला 43 इंचांपर्यंत फुल एचडी पुरतो, आणि वाचलेले पैसे घालायला त्याहून चांगल्या जागा आहेत.

'चार पट'मध्ये खरं किती, ते आधी पाहू. फुल एचडीच्या पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20.7 लाख ठिपके. फोर-केवर 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 82.9 लाख. गुणाकार बरोबर आहे. पण ठिपके चौपट झाले म्हणून दिसणं चौपट होत नाही. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा वेगळा ओळखता येतो. त्या हिशेबाने 43 इंची फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडून एकमेकांत मिसळून जातात. फोर-केचा पुरा लाभ हवा तर पावणेतीन फुटांवर बसायला हवं. शिवाजी पेठेतल्या जुन्या घराचा सोपा घ्या की नव्या फ्लॅटचा हॉल, टीव्ही आणि माणसं यांच्यात सात-आठ फूट असतातच. पावणेतीन फुटांवर फक्त पोरं जाऊन बसतात, आणि आपण त्यांना मागं सरका म्हणून ओरडतो.

मग दुसरा मुद्दा येतो: साधं चॅनलसुद्धा फोर-केवर आपोआप सुधारून दिसतं. हा दावा मला सगळ्यात फसवा वाटतो. एसडी वाहिनीचं चित्र 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपक्यांचं असतं. फुल एचडी पडदा भरायला त्याची पाच पट करावी लागते, फोर-के भरायला बरोबर वीस पट. म्हणजे फोर-केवर विसातले एकोणीस ठिपके वाहिनीने पाठवलेलेच नसतात, टीव्ही ते अंदाजाने भरतो. महागड्या संचातली चिप हा अंदाज बरा करते, स्वस्तातली चेहऱ्यावर मेण फासल्यासारखं करून ठेवते. 'तुझ्यात जीव रंगला'चं चित्रीकरण आपल्या वसगड्यात झालं, मालिका 2016 ला सुरू झाली आणि झी मराठीची एचडी वाहिनीही त्याच वर्षी आली. तरी एचडी टीव्ही भिंतीला आणि पॅक मात्र एसडीचा, अशी घरं गावात अजून भेटतात. त्या घरांना फोर-के विकणं हा शुद्ध गैरफायदा आहे. महिन्याला थोडे जास्त मोजून एचडी पॅक घेतला तर जुन्या टीव्हीवरसुद्धा उसाची पानं सुटी दिसू लागतील.

फुटबॉलच्या नावानेही फोर-के खपवला जातो. आपल्याकडे ते सोपं आहे, पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरवणारं हे गाव! पण धावता चेंडू पुसट होतो तो ठिपके कमी पडतात म्हणून नव्हे. सेकंदाला किती चित्रं येतात आणि पडदा किती झटकन बदलतो यावर ते ठरतं. पडदा मंद असेल तर फोर-केवरही चेंडूमागे शेपूट दिसणारच, फक्त ते जास्त ठिपक्यांचं असेल.

चित्र डोळ्यात भरतं ते उजेड आणि काळोख यांच्या फरकाने. हे कोल्हापूरला नव्याने सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतः कॅमेरा घडवला आणि 1923 च्या 'सिंहगड' चित्रपटासाठी कृत्रिम दिव्यांचा उजेड वापरला. आज याच फरकाच्या नावाने खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं. तशी चित्रं बहुधा 1000 निट्स उजेड धरून तयार केलेली असतात, आणि स्वस्त फोर-के संच 250-300 निट्सच्या आसपास दमतात. उजेडच नसेल तर 83 लाख ठिपके मिळून अंधूकच दिसणार.

आता विरोधकांचा खरा जोरदार मुद्दा, जो दुकानदाराला बहुधा सुचत नाही. कंपन्यांनी फुल एचडीकडे लक्ष देणं जवळपास सोडलं आहे. चांगला पडदा, वेगवान चिप, बरा आवाज हे सगळं फोर-केच्या रांगेत गेलं. 55 इंचांना तर फुल एचडी शोधूनही सापडणं कठीण. हे मला मान्य आहे. 55 किंवा 65 इंच घेणार असाल, घरात फायबर असेल, ओटीटीचा वरचा प्लॅन भरत असाल किंवा पोरगं प्लेस्टेशन लावून पडद्याजवळ बसत असेल, तर बिनदिक्कत फोर-के घ्या. पण ओटीटीवरच्या फोर-के चित्रपटाला तासाला 7 जीबीपर्यंत डेटा लागतो, एचडीला 3 जीबी, हेही मोजा.

खरी सावधगिरी हवी ती खालच्या टोकाला. 32 इंचांत 'एचडी रेडी' म्हणून जे विकतात ते 1366 गुणिले 768 चं, म्हणजे फुल एचडीच्या निम्म्या ठिपक्यांचं असतं. तिथे फुल एचडीचा आग्रह धरा, मिळेपर्यंत धरा.

बाकी, खरेदीला निघण्याआधी सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या. दुकानात डेमोचे मासे आणि फुलं बंद करायला सांगा आणि तुमच्या घरी येते तीच मराठी वाहिनी त्याच पॅकवर, तेवढ्याच अंतरावरून पाहा. वाहिनी लावायला कुणी नाही म्हणालं, तर रस्ता ओलांडून समोरचं दुकान गाठा.