शून्याचा हट्ट सोडा

निळ्या लाइटखाली डोलणारे प्रवाळ, त्यांच्यामधून सुळकन निघून जाणारा क्लाउनफिश... असं एखादं रील पाहिलं की आपल्याही खोलीत छोटासा समुद्र असावा असं वाटणारच. हौस चांगली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण दोस्तांनो, या हौशीत नवख्याच्या डोक्यात एक समज पटकन पक्का बसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे घाण आणि टेस्ट किटवर दोन्ही शून्य आले की आपण जिंकलो! आमचं म्हणणं असं, की हा शून्याचा हट्टच अनेकदा प्रवाळांच्या जिवावर बेततो.

हे दोन पदार्थ येतात कुठून? माशांचं उरलेलं खाद्य आणि विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो. खडकांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. फॉस्फेटही मुख्यतः खाद्यातूनच येतं. समुद्रात हे सगळं अफाट पाण्यात विरून जातं. शंभर लिटरच्या काचेच्या पेटीतून ते जाणार कुठे? साठत गेलं की खडकांवर केसाळ हिरवं शेवाळ चढतं, प्रवाळ तपकिरी पडतात, त्यांची वाढ मंदावते. हवाईच्या कानेओहे उपसागरात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. तिथे सोडलेल्या सांडपाण्यामुळे शेवाळ प्रवाळांवर पसरलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी दुसरीकडे वळवलं, तेव्हा ते ओसरू लागलं.

म्हणजे हे दोघे व्हिलन ठरले ते उगाच नाही. पण गोष्ट इथेच संपत नाही. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशात अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. या दोघांनाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. तो पूर्ण काढून घेतलात तर प्रवाळ फिके पडतात, उपाशी राहतात. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट्सचा थर माजण्याची भीती असते.

तुम्ही म्हणाल, खऱ्या रीफवरचं पाणी तर नितळ असतं, तिथे हे पदार्थ जवळपास नसतातच. बरोबर. पण तिथे प्रवाहाबरोबर प्लँक्टन सतत येत असतं. ताट रिकामं दिसतं, पण वाढणारा हात थांबलेला नसतो. तुमच्या टँकमध्ये वाढणारे तुम्ही एकटेच!

आणि नुसतं असून भागत नाही, प्रमाणही लागतं. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दाखवलं, की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट तुटपुंजं असेल, तर उष्णता आणि प्रखर प्रकाशात प्रवाळ पांढरे पडण्याचा धोका वाढतो. हौशी मंडळी साधारणपणे नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. पण या पट्ट्यातला नेमका आकडा गाठण्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं.

म्हणून दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी टेस्ट करा आणि वहीत लिहा. आकडा चढला तर आधी खाद्याची चिमूट लहान करा, दहाएक टक्के पाणी बदला. फॉस्फेट शोषणारी पावडर एका रात्रीत ओतून आकडा पाडू नका, तो धक्का प्रवाळांना सोसत नाही. आकडा शून्य आला तर खाद्य थोडं वाढवा, स्किमर कमी वेळ चालवा. आणि शेवाळ माजलेलं असताना किट शून्य दाखवत असेल, तर खूश होऊ नका. फॉस्फेट त्या शेवाळानेच पिऊन टाकलेलं असू शकतं! एका वेळी एकच बदल करा, नाहीतर काय उपयोगी पडलं ते कळणारच नाही.

एवढी काळजी कशासाठी? कारण प्रवाळ म्हणजे शोभेचा दगड नव्हे. दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच पंगतीत आहेत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना एक तुकडा तोडून आणलात, तरी तो गुन्हा आहे. दुकानातही प्रवाळ आला कुठून, कागदपत्रं कुठली, हे बेधडक विचारा. उत्तर मिळालं नाही, किंवा तुमच्याच वहीतले आकडे अजून वर-खाली होत असतील, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी या. टँकमध्ये अजून महिनाभर नुसते खडक आणि दोन मासे राहिले, तर काही बिघडत नाही.