गंजलेली फटफटी

एखाद्या जुन्या घराच्या पडवीत गोणपाटाखाली झाकलेली फटफटी पुष्कळांनी पाहिलेली असते. आजोबांच्या तरुणपणी तिच्यावरून बाजारहाट झालेला असतो. अपरात्री आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यात तिनेच पोहोचविलेले असते. आता मात्र तिच्या टाकीत गंज, टायरांना भेगा आणि बैठकीत उंदरांचे बिऱ्हाड असते. तिच्याकडे पाहून कोणी म्हणतो, “भंगारात घाला.” कोणी म्हणतो, “मारा एक किक, होईल चालू.” ही दोन्ही मते सारखीच उतावळी होत.

अशा गाड्यांच्या मागे मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीची बुलेट १९५६ पासून मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे तयार होऊ लागली. रेडिचचा मूळ कारखाना पुढे बंद पडला. भारतात मात्र बुलेट तयार होतच राहिली. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी या गाड्या बाहेर पडल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. तरीही त्यांतील कित्येक गाड्या आज रस्त्यावर धावताना दिसतात. कारखाना गेला, पण गाडी जगली. कारण ती दुरुस्त करणारे हात शिल्लक होते.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीस एकदम किक मारणे म्हणजे दीर्घ आजारातून उठलेल्या माणसास धावावयास लावण्यासारखे आहे. इंजिनाच्या नळकांड्यात गंज धरून पिस्टन अडकलेला असू शकतो. अशा वेळी जाणता मिस्त्री जोर करीत नाही. तो प्लग काढतो, त्या छिद्रातून थोडे तेल आत सोडतो आणि काही दिवस वाट पाहतो. मग वरचा गियर टाकून मागचे चाक हलकेच पुढेमागे करतो. जे काम हातोडीने बिघडले असते, ते तेल आणि धीर यांनी साधते.

पिस्टन मोकळा झाला, तरी इंजिनास तीन गोष्टी लागतात : इंधन, ठिणगी आणि दाब. टाकीतील जुने पेट्रोल उडून जाऊन मागे डिंकासारखा थर उरतो आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात. ती उघडून साफ करावी लागतात. ठिणगी येते की नाही हे पाहण्यासाठी प्लग तारेस जोडून इंजिनाच्या धातूस टेकवितात व किक मारतात. ठिणगी नसेल, तर पॉइंटांवर चढलेला थर बारीक पॉलिशपेपरने घासून त्यांतील फट मोजतात. ही फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. पण तिच्यात चूक झाली, तर गाडी हटून बसते. एक गोष्ट तपासावी, तिचा निकाल लागल्यावरच दुसरीस हात घालावा, हाच येथील नियम. सर्व भाग एकदम उकलणारा शेवटी सुट्या भागांचा ढीग पुढे घेऊन बसतो.

“एवढा वेळ आणि पैसा कशासाठी? नवी गाडी घेतली तर काय वाईट?” असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. जुन्या गाडीचा धूर अधिक, ब्रेक कमजोर आणि तिचे भाग मिळणे कठीण. रोजच्या कामास नवी गाडीच सोयीची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूप न बदललेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. पण अशी गाडी नित्य वापरता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. म्हणून प्रत्येक जुनी गाडी वाचविलीच पाहिजे, असा हट्ट कोणी धरू नये.

परंतु दुरुस्तीचा लाभ केवळ गाडीपुरता नसतो. पडवीतील गाडी खोलताना जो मुलगा किंवा मुलगी मिस्त्रीजवळ पाना धरून बसते, तिला पुस्तकातील दाब, घर्षण आणि विद्युत्प्रवाह हाताने कळतात. “बंद पडले” या शब्दांवर समाधान न मानता “का बंद पडले?” असे विचारण्याची सवय लागते. तेलाने काळे झालेले हात पाहून नाक मुरडणारे लोक आहेत. त्यांना त्या हातांतील विद्या दिसत नाही. असे मिस्त्री आता थकत चालले आहेत. त्यांच्याजवळ बसून कोणी शिकले नाही, तर त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच जाईल. गंजलेल्या गाडीपेक्षा ही हानी कितीतरी मोठी आहे. कारण गाडी भंगारात मोडली तरी तिच्या लोखंडाचे मोल येते, विसरलेल्या विद्येचे काहीच येत नाही.

कित्येक दिवसांच्या खटपटीनंतर ती फटफटी एकदा खोकते, पुन्हा गप्प होते, आणि मग अकस्मात तिचा ठेका सुरू होतो. अंगणात सारे घर गोळा होते. आजोबा काही न बोलता टाकीवर हात ठेवतात. बंद पडलेली वस्तू टाकून देणे सोपे आहे. ती का बंद पडली हे समजून घेऊन तिला पुन्हा चालती करणे कठीण आहे. शिक्षण म्हणतात ते यालाच.